मऊ चिन्ह

बाहेर शेहेचाळीस अंश.
आत, काचेच्या अलीकडे, मी
मिंकच्या कोटांवरून ब्रश फिरवतोय,
लव एकाच दिशेला.
एसी अठरावर. मालक म्हणतो,
गिऱ्हाइकाला आधी थंडी वाजली पाहिजे.

दुकान देरा दुबईत, बनियास चौकाच्या मागल्या गल्लीत.
पाटीवर तीन लिप्या.
अरबी उजवीकडून निघते आणि मला चुकवून जाते.
इंग्रजी पोटापुरती.
तिसरी अकरा वर्षं मी
शिडीवर चढून फक्त पुसली.

काउंटरवरची गुलनारा ओशची, किर्गिझ.
रशियन तिचीही नाही.
"मेरा नहीं, स्कूल का है," ती म्हणते
आमच्या दुकानी हिंदीत.
दुपारी दोन ते चार रस्ता ओस,
तेव्हा बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर
ती अक्षरं काढून देते. तेहेतीस.

पहिल्याच दिवशी फसगत.
पी दिसतो तो र.
सी दिसतो तो स.
एच हा न निघाला, बी हा व.
ओळखीचे चेहरे, पण
दुसऱ्या घरात दत्तक गेलेले.
समोरच्या पाटीवरचं 'पेक्टोपाह'
म्हणजे साधं रेस्तरां,
आणि मी इतकी वर्षं समजत होतो
मालकाचं आडनाव असेल.

श मात्र बघताक्षणी आवडला: Ш.
खाडीत लागून उभ्या गलबतांच्या
तीन डोलकाठ्या.
शुबा म्हणजे फरचा कोट.
माझा पगार या अक्षरापासून सुरू होतो.

मग एक इ, जी धड इ नाही, धड उ नाही,
पोटात गुद्दा बसल्यावर निघावी तशी.
मला येईना. गुलनारा हसून लोळली.
म्हटलं, आता तू ळ म्हण.
धुळप. विश्राम धुळप.
ती म्हणाली धुलप, धुडप, धुर्प.
फिट्टंफाट.

आणि एक अक्षर, ज्याला आवाजच नाही.
शेजारच्या व्यंजनाला टेकून बसतं
आणि त्याला मऊ करतं.
असं नुसतं बसणारं माणूस आमच्याकडे होतं,
सुलूआत्या.
ती पंगतीला असली की काका भांडायचे नाहीत.
का ते कुणाला कळलं नव्हतं.
ती गेली तेव्हा दुकानात
वार्षिक मोजणी चालू होती.

नमस्कार सगळ्यात अवघड.
झ्द्रास्त्वुयते.
शाळेत सामंतबाईंनी 'कार्त्स्न्य'
पन्नासदा लिहून घेतलं होतं,
त्याचं चीज इथे झालं.
मधला एक व लिहायचा आणि गिळायचा.
अर्थ विचारला.
"तबियत से रहो," गुलनारा म्हणाली.
म्हणजे आई फोन ठेवताना म्हणते तेच.
आमचा फोन संपतो तिथे
यांची भेट सुरू होते.

निरोपाचा शब्द त्या मानाने सोपा,
दा स्विदानिया, पुन्हा दिसेपर्यंत.
आम्ही पण निघताना
येतोच म्हणतो की.

सोमवारी एक आजीबाई आल्या, एकट्या,
हातात पाण्याची बाटली.
मी ब्रश ठेवला, श्वास भरला
आणि व न बोलता म्हटलं:
झ्द्रास्त्वुयते.

त्या थबकल्या.
मग बोलू लागल्या, बोलतच राहिल्या.
गुलनारा नमाजाला गेलेली.
माझ्याजवळ शब्द सगळे सहा,
त्यांतला एकही त्यांच्या बोलण्यात येईना.
शेवटी एक पकडला,
तोही त्या गुद्द्यामुळे:
सिन. मुलगा.

पुढचं काही कळलं नाही.
स्पासीबा म्हणावं तर कशाबद्दल?
शेजारी उभा राहिलो.

कोट घेतला नाही त्यांनी.
एका बाहीवरून हात फिरवला,
उलट्या दिशेनं, मनगटापासून खांद्याकडे,
आणि उन्हात निघून गेल्या.

तेवढी लव मी
रात्री शटर ओढेपर्यंत
विस्कटलेलीच ठेवली.
मालकानं विचारलं. म्हटलं,
राहून गेलं.